क्रांतीवर कादंबरी लिहायचीय? आधी भाकऱ्या कुणी थापल्या ते शोधा

आपल्या सातारा-सांगलीकडं लिहिणारं पोरगं भेटलं की त्याच्या डोक्यात एक कादंबरी हमखास असते, प्रतिसरकारवरची, म्हंजे १९४२ नंतर इंग्रजांना झुगारून इकडच्या लोकांनी स्वतःच चालवलेल्या सरकारवरची. कुणाचे पणजोबा त्याच्या फौजेत, तुफान सेनेत, कुणाच्या वाड्यात भूमिगत राहून गेलेले, कुणाच्या शेतातल्या छपरात बंदुका लपवलेल्या. मग पोरगं लिहायला बसतं आणि पहिल्याच पानावर नायक सागरेश्वरच्या डोंगरावर उभा, खाली कृष्णा वाहतीये, डोळ्यांत अंगार वगैरे. माझ्याकडं असली हस्तलिखितं वाचायला येतात आणि खरं सांगायचं तर पंधराव्या पानापर्यंत मला नायकाचं नाव पण आठवत नसतं, कारण तो माणूस नसतो, चौकातला पुतळा असतो.

म्हणून हे लिहितोय. क्रांतीवरची कादंबरी कुठलीही असू दे, आपल्याकडची असू दे नाहीतर रशिया-चीनमधली, लिहिताना मी एकच प्रश्न धरून बसायला सांगतो. प्रत्येक प्रसंगाला विचारायचं, ह्याचा खर्च कुणाच्या अंगावर पडला? पैशाचा खर्च, जेवणाचा, मार खाण्याचा, बदनामीचा, सगळा. हे विचारलं की हेतू, हिंसा, वर्ग, बाईचं स्थान ह्या चारी गोष्टी आपोआप पानावर यायला लागतात, त्यासाठी वेगळी चर्चासत्रं पात्रांच्या तोंडी घालावी लागत नाहीत.

पहिलं हेतूचं बघू, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथंच होते. नायक चळवळीत का आला? पोरं लिहितात, देशप्रेम. अहो पण तालुक्यात देशप्रेम असलेली हजारो माणसं होती आणि त्यातली बहुतेक रात्री घरी झोपत होती. हाच का गेला? एक पात्र धरू, बाळू म्हणा, वय १९, कुंडलच्या आसपासचं गाव, बापाची दीड एकर सावकाराकडं गहाण. आता लगेच 'सावकाराच्या जाचानं पेटून उठला' असं लिहू नका. सावकाराच्या जाचानं माणूस बहुतेक वेळा वाकतो, पेटत नाही. बाळूला तीन कारणं द्या आणि ती एकमेकांशी जुळणारी नकोत. पहिलं कारण बारकं आणि थोडं लाजिरवाणं असावं, म्हंजे तालमीतली थोरली पोरं त्याला कधी हिशोबात धरत नव्हती आणि एका रात्री त्यांनी पहिल्यांदा त्याला 'चल' म्हटलं, बस. दुसरं कारण तो लोकांना सांगतो ते, त्यात भारतमाता, सावकार सगळं आलं. तिसरं कारण त्याला तिथं टिकवून धरतं, आणि ते बऱ्याचदा असं असतं की परत जायला रस्ताच राहिला नाही, नावावर वॉरंट आहे, घरी गेला तर बापाला उचलतील.

आणि कारण बदलत जातं हे विसरू नका. १९४२ चा सप्टेंबर बघा. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला, गोळी सुटली नाही. पुढच्याच आठवड्यात, ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गेंसह माणसं पडली, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात गोळीबार, त्यात गेलेले उमाशंकर पंड्या तर किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. तुमचा बाळू तासगावला गेला असेल तर जत्रेला गेल्यासारखा गेला असेल, खांद्यावर धाकटा भाऊ पण बसवला असेल. वडूजची बातमी गावात आल्यावर तोच बाळू तोच राहील का? हे सहा दिवस नीट लिहिले तर भाषणाची गरज पडत नाही. उलट मोर्च्याला न गेलेल्या माणसाचा अपराधीपणा हा पण हेतू असू शकतो, आणि मला तो जास्त खरा वाटतो, पण ते जाऊ दे.

प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील ह्यांचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. जन्म १९००, तलाठी होते, म्हंजे सरकारी पगार, दप्तर, गावात वजन. सत्यशोधक विचारातनं आलेला माणूस, ती नोकरी सोडून चळवळीत पडला. तलाठ्याला कुणाची जमीन कुणाकडं कशी गेली हे कागदावर दिसत असतं, हे कादंबरीकाराला केवढं मोठं घबाड आहे बघा! राग कागदावरनं पण येतो.

आता थोडं अवघड. ज्या काळात ही पोरं भूमिगत होती त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या घराघरातली माणसं इंग्रजांच्या फौजेत होती. मिलिटरी अपशिंगे हे नावच बघा की गावाचं. मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. म्हंजे बाळूचा थोरला भाऊ तिकडं जर्मनांशी लढतोय, महिन्याला मनीऑर्डर येतीये, त्या मनीऑर्डरीवर घर चालतंय आणि त्याच घरातनं धाकट्याच्या टोळीला डब्यानं भाकरी जातीये. इंग्रज राजाचा छाप असलेले पैसे आणि त्याच राज्याच्या विरोधातली भाकरी. आई पोस्टमनला पण हसून बोलते आणि रात्री मागच्या दारानं पण. तिला तुम्ही देशद्रोही म्हणणार का देशभक्त? तिला दोन्ही पोरं जिवंत हवीत एवढंच आहे. ही आई मला आजवर एका पण हस्तलिखितात भेटलेली नाही, सगळ्यांच्या आया कपाळाला कुंकू लावून 'जा बाळा' म्हणतायत.

नकाशा काढल्याशिवाय पुढं जाऊ नका. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता आणि मधे मधे संस्थानं पसरलेली. सांगलीचं संस्थान वेगळं, मिरजेचं वेगळं, जतचं वेगळं, फलटणचं वेगळं, आणि कुंडल औंध संस्थानात, जिथं १९३९ साली राजानंच लोकांना राज्यघटना देऊन टाकलेली. इंग्रजी पोलिसांची हद्द शेताच्या बांधावर संपायची. भूमिगतांनी ह्याचा पुरेपूर फायदा घेतला. थरार पाहिजे असेल तर तो इथं आहे, ओढा ओलांडला की हद्द बदलली, मागचा फौजदार काठावर शिव्या घालत उभा. हवामान पण बघून घ्या. वसंतदादा पाटलांनी सांगलीचा तुरुंग फोडला तो २४ जुलै १९४३ ला, म्हंजे पावसाळा, चिखल, नदीला पाणी, ओली काडतुसं. दोन साथीदार मारले गेले आणि दादांना गोळी लागली. असल्या पळापळीत 'घोड्यावर बसून धूळ उडवत' लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, तुम्ही जुलैत इकडं कधी शेतातनं चाललेला नाही.

आता हिंसा. इथं दोन टोकं दिसतात, एकतर सिनेमासारखं रक्त, नाहीतर 'गद्दाराला धडा शिकवला' एवढ्या एका ओळीत विषय संपवलेला. प्रतिसरकारची शिक्षा तर इतकी ठोस होती की लिहिणाऱ्यानं हात चोळावेत. खबरी, गावगुंड, बायकांना छळणारे, आडदांड सावकार ह्यांना धरायचं आणि तळपायावर मारायचं, पत्री मारणं म्हणायचे त्याला, आणि त्याचा वचक एवढा की सरकारचंच नाव पत्री सरकार पडलं. माझा सल्ला असा की मार दाखवू नका, मार खाल्ल्यानंतरचा आठवडा दाखवा. समजा पहिल्या खर्ड्यात तुम्ही असं लिहिलंय:

'काठी सपकन कोसळली. गद्दार तात्या शिंपी गुरासारखा ओरडला. बाळूच्या डोळ्यांत सूड धगधगत होता.'

हे काढा आणि दुसऱ्या दिवशीवर या:

'तात्या शिंपी ओट्यावर बसला होता. पाय पाटावर, वर ओलं फडकं. मशीन गप्प. बायको हळद-तेलाची वाटी घेऊन बाहेर आली आणि रस्त्याकडं पाठ करून बसली. बाळू खाली मान घालून समोरनं निघाला तसा तात्या म्हणाला, बाळू, तुझा सदरा झालाय रं. पायडल मारता येईना, एवढी एक शिलाई राहिलीय.'

तात्यानं खबर दिली होती की नव्हती हे लगेच सांगायची गरज नाही. दिली असेल तर का दिली, फौजदारानं पोराला उचलायची धमकी दिली होती का, गावावर सामुदायिक दंड बसला तेव्हा त्याच्या वाट्याचे पैसे कुठनं आणणार होता. पायानं मशीन चालवणाऱ्याचे तळपाय फोडले म्हंजे त्याचं पोट पण फोडलं. चळवळ चूक होती असं म्हणायचं नाहीये मला, गावागावात भांडणं मिटवणारी न्यायमंडळं, गुंडांचा आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त, व्यसनांवर बंदी हे सगळं त्याच चळवळीनं केलं आणि म्हणून तर लोकांनी तिला तीन-चार वर्षं पोसलं. पण लोकांनी शिक्षा द्यायची म्हटली की चुकीच्या माणसाला बसणारा एखादा फटका पण आलाच, आणि कादंबरी तिथं बघायचं टाळायला लागली की ती स्मरणिका होते.

पैशाच्या मोहिमा लिहिताना पण तसंच. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेच्या कॅप्टन भाऊ, जी. डी. बापू लाड ह्यांच्या लोकांनी पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळ्याकडं चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. सगळे गाडी थांबवण्याचा क्षण लिहितात. मला त्याच्यानंतरची रात्र वाचायचीय. एवढे पैसे मोजले कुणी, वही कुणी ठेवली, ज्याच्या बापाची जमीन गहाण आहे त्या बाळूच्या हातात नोटांची थैली आहे आणि फक्त एवढ्याशा पैशात गहाणखत सुटणार आहे, तेव्हा त्याचा हात कसा झाला? त्यानं एक रुपया पण घेतला नाही असं लिहिणार असाल तर आधी त्याला रात्रभर जागं ठेवा. आणि बंदुका मुबलक दाखवू नका, हत्यार मिळवणं हाच निम्मा उद्योग होता.

ह्याच्यावरनं बायकांकडं येतो, कारण हत्यारांचा सगळ्यात भारी प्रसंग बाईचाच आहे. हौसाताई पाटील, नाना पाटलांची मुलगी. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा बायकोला बडवतोय असं सोंग उभं केलं, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं पळवली. बायको झालेल्या हौसाताई. सोंग खरं वाटावं म्हणून मार खराखुराच बसला हे त्यांनी म्हातारपणी सांगितलंय. आता बघा, एका प्रसंगात किती काय आहे. बाईला रस्त्यात मारणं इतकं रोजचं की त्याचा वेश घेता येतो, ज्या चळवळीत बायकोला छळणाऱ्याला शिक्षा होते तीच चळवळ त्या माराचा वापर करते, आणि मारणारा पण आपलाच कार्यकर्ता. तो माणूस नंतर तिच्याशी काय बोलला असेल? तिच्या पाठीला शेक कुणी दिला? मी तर म्हणतो कुणीतरी असल्या एका प्रसंगावरच अख्खी कादंबरी लिहावी. फक्त पात्र तुमचं घ्या, हौसाताईंच्या मनात काय चाललं होतं ते तुम्ही ठरवायचं नाही.

स्त्रीपात्राला एक साधी टेस्ट लावा. नायक कथेतनं काढून टाकला तर तिला काही करायचं उरतं का? त्याची वाट बघणं, त्याच्यासाठी रडणं, त्याच्यासाठी भाकरी बांधणं एवढंच असेल तर ती पात्र नाही, सामान आहे. तिला काहीतरी स्वतःचं हवं असू दे, चळवळीशी संबंध नसलेलं पण चालेल. कासेगावच्या इंदुताई पाटणकर कोवळ्या वयात घर सोडून चळवळीत आल्या, तेव्हा घर सोडणाऱ्या मुलीला गाव काय म्हणत असेल ह्याचा विचार करा, घर सोडणाऱ्या मुलाला गाव जे म्हणायचं ते तिला म्हटलं असेल का? मुलगा भूमिगत झाला की शूर. मुलगी झाली की पळाली. आणि घरात राहिलेल्या बायकांचा खर्च तर कुठंच मांडलेला नसतो. यशवंतराव चव्हाण भूमिगत असताना वेणूताईंना पकडून तुरुंगात टाकलं, तेव्हा लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. हे मोठं नाव म्हणून आपल्याला माहिती, नाव नसलेल्या किती असतील.

रोजचं गणित पण मांडा जरा. रात्री अकराला सात माणसं दारात आली. एका माणसाला दोन-तीन भाकऱ्या, म्हंजे वीस भाकऱ्या, बरोबर खरडा नाहीतर पिठलं. वीस भाकऱ्यांचं पीठ त्याच दिवशी जात्यावर दळलेलं असलं पाहिजे, लढाईचा काळ, धान्याची टंचाई, रॉकेल मिळत नाही, चुलीचा धूर रात्री वर गेला तर शेजारी ओळखतोय. सून पहाटे चारला उठलेली. तिला विचारलं होतं का कुणी? सासऱ्यानं परस्पर 'या की' म्हटलंय. ती चिडलेली असू शकते राव, आणि चिडूनसुद्धा पोलीस आल्यावर तीच खोटं बोलून सगळ्यांना वाचवू शकते. चिडलेली बाई शूर असू शकते हे आपल्या कादंबऱ्यांना पटत नाही. तसंच प्रतिसरकारनं लावलेल्या कमी खर्चाच्या गांधी पद्धतीच्या लग्नांचं, हुंडा नाही, मानपान नाही, बापाचं कर्ज वाचलं, फार मोठी गोष्ट होती ती. तुमच्या कथेत असलं लग्न येईल तेव्हा नवरीला तो मुलगा पसंत होता का एवढं एक विचारून घ्या तिला.

वर्गाबद्दल, आणि आपल्याकडं वर्ग म्हटलं की जात आलीच, भाषणं लिहू नका, हाका ऐका. कोण कुणाला अहो म्हणतंय, कोण कुणाला अरे. कुलकर्ण्यांच्या दहा वर्षांच्या पोराला साठीचा म्हातारा 'अवो मालक' म्हणतो आणि ते पोर त्याला 'ए गणप्या'. पाटलाच्या वाड्यात भूमिगत ओसरीवर बसतात, त्यातला एखादा मांगवाड्यातला असेल तर तो कुठं बसतो? त्याला पाणी कुठल्या भांड्यातनं येतं? 'आम्ही सगळे एका ताटात जेवत होतो' असं लिहिलं तर ताट नंतर कुणी घासलं ते पण लिहा. काही जागी खरंच एका ताटात जेवले असतील, त्याचं मोल वाचकाला तेव्हाच कळेल जेव्हा आधीच्या पानावर वेगळी वाटी ठेवलेली दिसेल.

आणखी एक. इकडच्या रामोशी, बेरड, मांग माणसांच्या घराण्यात इंग्रजांशी भांडण १९४२ ला सुरू झालं नाही. रामोशांच्या बंडाचे पुढारी उमाजी नाईक ह्यांना १८३२ लाच फाशी दिलेलं. अख्ख्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यात नाव असलेल्या माणसाला पोलिसांकडं हजेरी लावायला लागायची, रात्री गावाबाहेर राहिला तरी गुन्हा. अशा माणसाला डोंगरातल्या वाटा, लपायच्या जागा, कुत्री गप्प करायच्या युक्त्या सगळं पाठ, आणि भूमिगत पाटलाच्या पोराला तो ते शिकवतोय. पकडले गेले तर एक राजकीय कैदी होणार, दुसरा दरोडेखोर. स्वातंत्र्यानंतर एकाच्या भिंतीवर ताम्रपट. हे दोघं एका पावसाळी रात्री एका छपरात बसलेत असं लिहा, बाकी प्लॉट सुचेल. मात्र त्या माणसाला नायकाचा इमानी वाटाड्या करून शेवटी नायकासाठी मारून टाकू नका, तो जगू दे आणि नायकाला पटणार नाही असं काहीतरी बोलू दे.

शेवट कुठं करायचा हा प्रश्न सगळे विचारतात. १५ ऑगस्टला झेंडा चढवून संपवू नका एवढं माझं ऐका. १९४६ ला वॉरंटं उठली, माणसं उजेडात आली, तिथनं पुढंच खरी मजा आहे. १९४८ साली गांधीहत्येनंतर ह्याच भागात ब्राह्मणांची घरं जळली, तेव्हा तुमचा बाळू कुठं उभा होता? हातात काय होतं, बादली का काकडा, का घरात कडी लावून बसला? हिंसेवर लिहायचं म्हणून जो निघालाय त्याला हे टाळता येत नाही. त्याच वर्षी कूळकायदा आला, पुढं १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, मग बाळूच्या बापाची दीड एकर सुटली का, आणि सुटली तर तिच्यावर राबणाऱ्या मजुराला काय मिळालं? नाना पाटील लाल बावट्याकडं, म्हंजे कम्युनिस्टांकडं गेले आणि १९५७ ला साताऱ्यातनं खासदार झाले. चळवळीतल्याच नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्यात साखर कारखाना उभा केला, १९४५ च्या चकमकीत गेलेल्या किसन अहिरांच्या नावानं. कुणी मंत्री झालं, कुणी पेन्शनच्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिलं. एकाच छपरात झोपलेली माणसं वीस वर्षांत किती लांब गेली हे एका लग्नाच्या पंगतीत पण दाखवता येतं, कोण स्टेजजवळ बसलाय आणि कोण बुंदी वाढतोय.

माहिती काढायला जाल तेव्हा आजोबांच्या आधी आजीपाशी बसा. तिला 'चळवळीबद्दल सांगा' म्हटलं तर ती म्हणेल मला काय कळतंय, त्यांना विचारा. त्याच्याऐवजी विचारा, रात्री माणसं आल्यावर पोरांना कुठं झोपवायचा, पोलीस आले की पहिल्यांदा काय उचलून बघायचे, त्या वर्षी जोंधळा किती झाला होता. मग ती थांबत नाही.

नावांचं मात्र सांभाळा. मोठी नावं इतिहासात आहेत तशी ठेवा, त्यांच्या तोंडी मनाचे संवाद घालू नका, लांबनं जाऊ दे त्यांना. पण ज्याला पत्री मारली, ज्यानं खबर दिली, जिच्याबद्दल गावात कुजबुज झाली, त्यांची नातवंडं त्याच आळीत राहतात, त्यांचं किराणा दुकान असेल, पोरगी कॉलेजात असेल. नाव, आडनाव, धंदा, गाव चारी बदला, आणि बदललेलं आडनाव त्या गावात दुसऱ्या कुणाचं नाही ना ते ग्रामपंचायतीची मतदार यादी काढून एकदा बघूनच घ्या.